गोधडीसाठी इस्त्री आणि इस्त्रीचं टेबल: माझ्या चुकांसकट

ज्यांना लोकलच्या गर्दीत ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' मी जमतील तेवढे काढलेत, थोडे राहिलेत, चालवून घ्या.

मागच्या भागानंतर बऱ्याच जणींनी (आणि दोन जणांनी!) एकच विचारलं: "गोधडीसाठी मशीन कुठलं घेऊ?" मशीनवर बोलूच. पण आधी इस्त्री. कारण माझी पहिली गोधडी बिघडली ती मशीनमुळे नाही.

झालं असं. आजी गेल्यावर आईने तिची चार जुनी लुगडी माझ्या हातात ठेवली. बहिणीला बाळ होणार होतं, त्याच्यासाठी गोधडी करायची ठरली. मी चार-चार इंचांचे १२० चौकोन कापले. एका ओळीत १२ तुकडे, अशा १० ओळी. पाव इंच शिवणीत जाणार, म्हणजे प्रत्येक ओळ साडेबेचाळीस इंच यायला हवी. आल्या किती? एक साडेबेचाळीस, एक बेचाळीस, तिसरी साडेएकेचाळीस. जोडायला घेतल्या तर कोपरे एकमेकांना भेटायलाच तयार नाहीत. मी दोन दिवस मशीनला शिव्या घातल्या.

आमच्या बिल्डिंगखाली एक टेलरकाका बसतात. त्यांना ओळ दाखवली. त्यांनी ती उलटी केली, नखाने एक शिवण दाबली आणि विचारलं, "बेटा, टीप मारल्यावर इस्त्री केलीस का?"

नव्हती केली. शेवटी एकदम करू म्हटलं होतं.

आता हिशोब बघा. जोड नीट दाबला नाही तर कापड तिथे किंचित दुमडलेलं राहतं. समजा दोन मिलिमीटर. डोळ्याला दिसतही नाही. पण १२ तुकड्यांत ११ जोड येतात. ११ गुणिले २, झाले २२ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक इंच गायब! म्हणून प्रत्येक टीप मारली की इस्त्री, मगच पुढची टीप. आधी शिवण आहे तशीच दाबायची, त्यामुळे टाके कापडात बसतात. मग तुकडा उघडायचा, आतली पट्टी गडद रंगाच्या बाजूला वळवायची आणि पुन्हा दाबायचं.

दाबायचं म्हणतेय मी, फिरवायचं नाही. हा फरक मला सगळ्यात उशिरा कळला. शर्टाला करतो तशी इस्त्री पुढे-मागे सरकवली की कापड ताणलं जातं. उरेबमध्ये कापलेला त्रिकोण असेल तर संपलंच, तो केळ्यासारखा वाकतो. इथे इस्त्री ठेवायची, दोन-तीन सेकंद थांबायचं, उचलायची, पुढे ठेवायची. गंमत म्हणजे 'इस्त्री' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, आणि मूळ शब्दाचा अर्थच ताणणे असा आहे! गोधडीवाल्यांनी नेमकं तेच टाळायचं.

आता घ्यायची कुठली? दुकानात गेलात की विक्रेता पहिल्यांदा स्टीमवाली दाखवेल. चकचकीत, खाली पन्नास भोकं, वर पाण्याची टाकी. वाईट नाही ती. सुती कापडाच्या सुरकुत्या वाफेने पटकन जातात. पण नवशिक्यांना मी साधी ड्राय इस्त्री सुचवेन, जरा वजनदार. एक तर वाफेने कापड ओलसर, मऊ होतं आणि उरेब बाजू आणखी ताणते. दुसरं, बक्रम किंवा फ्यूजिंग चिकटवताना सगळीकडे सारखी उष्णता लागते. भोकांखालची जागा कमी तापते, तिथे ते नीट चिकटत नाही आणि धुतल्यावर फुगे येतात. ब्लाउज, कॉलर, पिशव्या शिवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. वाफ हवीच असेल तर पाण्याची स्प्रे बाटली ठेवा, किंवा जुनी सुती ओढणी ओली करून घट्ट पिळा आणि कापडावर पसरून दाबा. शिवाय ड्राय इस्त्रीत टाकी नाही, म्हणजे गळणं नाही. बोअरचं पाणी असलेल्या घरात स्टीमची भोकं क्षाराने भरतात आणि एक दिवस पांढऱ्या कापडावर पिवळट ठिपके पडतात.

वजनाचं काय? वजनदार इस्त्री स्वतःच दाब देते, तुम्हाला खांद्याने रेटावं लागत नाही. पण इथे दर मिनिटाला उचलायची आहे, म्हणून दुकानात हातात धरून दहा वेळा वर-खाली करून बघाच. लोक हसतील, हसू दे. पुढचं टोक निमुळतं आहे ना, तेही बघा, ते शिवणीत घुसायला लागतं. प्लेट नॉनस्टिक, स्टील की सिरॅमिक यावर फार वेळ घालवू नका. गुळगुळीत आणि ओरखडे नसलेली असली की पुरे.

विजेवर मात्र वेळ घालवा. आमच्या घरातली जुनी इस्त्री मला कित्येक महिने बारीक झिणझिण्या देत होती, आणि आम्ही सगळे "चप्पल घालून कर" म्हणत होतो. काय मूर्खपणा! झिणझिण्या येतात म्हणजे बहुतेक आत कुठेतरी वायर सुटलीय आणि अर्थिंगही नीट नाही. ती इस्त्री त्याच दिवशी बंद करायची. नवी घेताना आयएसआयचा मार्क बघा. विजेच्या इस्त्रीसाठी तो आपल्याकडे सक्तीचा आहे, त्याच्या वर आयएस ३६६ लिहिलेलं असतं. तीन पिनांचाच प्लग घ्या, तिसरी पिन कापून नाही. आणि वॉट वाचा. साधी इस्त्री ७५० ते १००० वॉटची असते, म्हणजे २३० व्होल्टला सव्वाचार अँपिअरच्या आसपास. ती घरातल्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालते. २००० वॉटची स्टीमवाली जवळजवळ पावणेनऊ अँपिअर ओढते, तिला १६ अँपिअरचा मोठा सॉकेटच हवा. स्वस्तातल्या एक्स्टेन्शन बोर्डावर इस्त्री, मशीन आणि चार्जर एकत्र लावू नका प्लीज.

आता टेबल. मी डोंबिवलीच्या वन बीएचकेमध्ये राहते, त्यामुळे ते मोठं फोल्डिंगचं टेबल उघडलं की दार उघडत नाही. आणि गोधडीला ते तसंही गैरसोयीचं. त्याचं एक टोक शर्टाच्या खांद्यासाठी निमुळतं असतं, तर आपल्याला हवी रुंद, चौकोनी, कडक जागा. वर मऊ फोम असेल तर शिवण त्यात रुतते आणि सपाट होत नाही. चंदेरी कव्हर कपड्यांना ठीक, पण त्यातून वाफ खाली जात नाही, कापड ओलंच राहतं.

मी स्वतः बनवलं. सुताराकडून दोन फूट बाय तीन फुटांची प्लायवूडची फळी कापून आणली. त्यावर जुन्या घोंगडीचा तुकडा, वर धुतलेलं जाड सुती कापड, ताणून मागे स्टेपल केलं. घोंगडी का, तर लोकर उष्णता धरून ठेवते, ओल शोषते आणि इस्त्रीखाली वितळत नाही. पॉलिस्टरचं फायबर किंवा फोम आत घालू नका, वितळेल. फळी जेवणाच्या टेबलावर ठेवायची, काम झालं की कपाटामागे. उंची कोपराच्या जरा खाली आली पाहिजे; जमिनीवर बसून केलंत तर १२० चौकोनांनंतर कंबर बोलेल. घोंगडीचा उरलेला वीतभर तुकडा मी मशीनशेजारीच ठेवते, छोट्या जोडांसाठी उठावं लागत नाही.

आणखी एक वस्तू, फुकटातली. सुताराकडून सागवानाचा एक ठोकळा मागून घ्या, पॉलिश न केलेला. इस्त्री उचलली की लगेच तो शिवणीवर दाबून धरायचा. लाकूड वाफ आणि उष्णता ओढून घेतं, शिवण कागदासारखी सपाट होते.

तापमानाचं राहिलं. डायलवर एक, दोन, तीन टिंबं असतात: साधारण ११०, १५० आणि २०० अंश. सुतीला तीन, रेशीम-लोकरीला दोन, नायलॉनला एक. जुन्या साड्यांत पंचाईत अशी की कापड कशाचं ते कळत नाही. आजीची एक पिवळी साडी मी सुती समजून तीन टिंबांवर दाबली. वास आला, उचलली तर कोपरा प्लेटला चिकटून निघाला. त्या साडीचा तेवढाच धड तुकडा उरला होता. बाकीची आईने कधीच पुसायला वापरली होती.

म्हणून आता मी कडेचे दोन धागे काढते, चिमट्यात धरते, वाटीवर नेऊन पेटवते. कागदासारखा जळून राख झाली तर सुती. आक्रसून काळा टणक मणी झाला तर सिंथेटिक, एका टिंबावर आणि वर ओढणी टाकून. केसासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली तर रेशीम किंवा लोकर. जरीच्या काठावर इस्त्री थेट नकोच, हल्लीच्या जरीत प्लास्टिकची फिल्म असते.

गोधडी शेवटी झाली, बाळाच्या बारशाच्या आदल्या रात्री दोन वाजता. सगळ्या ओळी उसवून, पुन्हा शिवून, प्रत्येक जोड दाबून. पिवळ्या तुकड्याचा जळका कोपरा शिवणीच्या आत गेलाय. आईने गोधडी उघडली, बोट बरोबर त्या चौकोनावर ठेवलं आणि म्हणाली, "ही तर हळदीकुंकवाला नेसायची."