हाताची शाळा

मातीकामाच्या वर्गाला येणाऱ्या बहुतेकांना चाकावर बसायचं असतं, आणि चांगला शिक्षक पहिल्या दिवशी त्यांना चाकाजवळ फिरकू देत नाही. तो समोर मातीचा एक गोळा ठेवतो आणि म्हणतो, मळा. गोळा दाबायचा, वळवायचा, पुन्हा दाबायचा. तारेने मधोमध कापून बघायचं, आत हवेचे बुडबुडे दिसले की परत मळायचं. अर्ध्या तासात मनगटं भरून येतात. इथे एक गंमत हमखास बघायला मिळते. रिफायनरीतून किंवा खताच्या कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनीअर काका घामाघूम होतात, आणि शेजारच्या काकूंचा गोळा मात्र गुळगुळीत होऊन तयार असतो. तीस-चाळीस वर्षं रोज कणीक तिंबलेले हात ते! त्यांना कुणी सांगावं लागत नाही की जोर बोटांत नसतो, तळव्यात आणि खांद्यात असतो.

बडोद्यात असे वर्ग आज बरेच चालतात. माती, ठसेकाम, लिनोवरची छपाई, पुस्तकबांधणी असं काय काय. कलावंतांचे स्टुडिओ सुट्टीच्या दिवशी दारं उघडतात आणि ज्यांनी शाळेतल्या चित्रकलेच्या तासानंतर कधी ब्रश धरला नाही अशी चाळिशी-साठीची माणसं आत येतात. मुंबई-पुण्यातही हे दिसतं, आणि तिथे त्याकडे नव्या जमान्याचा छंद म्हणून पाहिलं जातं. बडोद्यात तसं पाहणं चूक ठरेल. मोठ्या माणसांनी हातकाम शिकावं, तेही ज्या घरात ते परंपरेने चालत आलं त्या घराबाहेरच्यांनी शिकावं, ही कल्पना या शहरात सव्वाशे वर्षांहून जुनी आहे आणि ती एका मराठी राजाच्या आश्रयाने रुजली.

सयाजीराव महाराजांनी १८९० साली इथे कलाभवन काढलं. पहिले मुख्याध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. मूळचे सुरतेचे, पेशाने रसायनशास्त्रज्ञ. मुंबईत चाफेकरांनी व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला फासलेलं डांबर पुढे ज्यांनी उतरवलं, ते हेच गज्जर. त्यांचा आग्रह असा की रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रविद्या, चित्रकला हे सगळं एका छपराखाली आणि देशी भाषेतून शिकवायचं. इंग्रजी येत नाही म्हणून कुणाला रंगाचं रसायन कळू नये, हे त्यांना मान्य नव्हतं. म्हणून गुजराती आणि मराठीत पुस्तकं लिहवून घेण्याचं काम हाती घेतलं गेलं. त्या काळात हे किती मोठं पाऊल होतं, याची कल्पना आज पटकन येत नाही. रंगाऱ्याचं पोर रंगारी व्हायचं आणि लाकूड कातणाऱ्या खरादीचं पोर खरादी. विद्या घरातून घरात जायची, उंबरठ्याबाहेर पडत नसे. कलाभवनाने ती वर्गात आणून ठेवली आणि फळ्यावर लिहिली.

तिथे शिकलेल्यांत धुंडिराज गोविंद फाळके होते. चित्रकला, छायाचित्रण, साचेकाम असं मिळेल ते ते शिकत गेले. गज्जरांनीच त्यांना त्रिरंगी ब्लॉक आणि डार्करूमचं काम शिकायला रतलामला पाठवलं. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधीची ही सगळी हाताची शिदोरी. त्याच गज्जरांनी, कोटिभास्कर आणि अमीन यांच्या साथीने, १९०७ साली अलेंबिक हा औषधांचा कारखाना उभा केला. त्या कारखान्याच्या जुन्या इमारतींमध्ये आता कलावंतांचे स्टुडिओ आहेत. कलाभवनाची इमारत पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान शाखेकडे गेली, ती अजून दिमाखात उभी आहे. तिच्यासमोरून रोज स्कूटरवर जाणाऱ्या कितीतरी बडोदेकरांना मात्र आत एके काळी कापड रंगवायला शिकवत हे ठाऊक नसतं, याचं वाईट वाटतं.

बायकांसाठी महाराणी चिमणाबाईंनी १९१४ साली स्त्री उद्योगालय काढलं. शिवण, भरतकाम आणि हाताला चार पैसे मिळवून देणारी इतर कामं तिथे शिकवली जात. शिकणाऱ्या प्रौढ बायका होत्या, संसार पाठीशी असलेल्या. आजच्या वर्गात येणारी काकू आणि उद्योगालयात येणारी ती बाई यांच्यात फरक आहेच. तिला मिळकत हवी होती, हिला बहुधा दोन तासांचा निवांतपणा हवा असतो. पण चाळिशी ओलांडल्यावर नवी विद्या हातात घ्यायची हिंमत दोघींना सारखीच लागते.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं, हंसा मेहता कुलगुरू झाल्या आणि पुढच्याच वर्षी ललित कला शाखा सुरू झाली. चित्रकलेला नारायण श्रीधर बेंद्रे, शिल्पकलेला शंखो चौधुरी. पाठोपाठ आले के. जी. सुब्रमण्यन, सगळ्यांचे मणिदा. त्यांनी मधली काही वर्षं हातमाग मंडळातही काम केलं होतं. चित्रकार वरच्या पायरीवर आणि कुंभार खालच्या, ही उतरंड त्यांना कधीच पटली नाही. स्वतः लाकडाची, चामड्याची, मण्यांची खेळणी करत. लखनौच्या रवींद्रालयाच्या भिंतीवर त्यांनी भाजलेल्या मातीचं भलंमोठं शिल्पचित्र घडवलं. आणि १९६१ मध्ये बडोद्यात फाइन आर्ट्स फेअर सुरू करण्यात ते पुढे होते. शिक्षक आणि विद्यार्थी मिळून खेळणी, भांडी, कपडे, मुखवटे बनवणार आणि गावाने येऊन ते विकत घ्यायचं, असा तो मेळा. माझ्या मते आजच्या रविवारच्या वर्गांची खरी जननी हा मेळाच आहे. चित्र काचेमागे असतं, पण लाकडी घोडा हातात घेऊन उलटापालटा करता येतो, आणि उलटा केला की तो कसा केलाय ते दिसतं. मग वाटतं, हे आपल्यालाही जमेल.

जमतंही. भूपेन खख्खर मुंबईचे चार्टर्ड अकाउंटंट. १९६२ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी बडोद्याला आले, कलासमीक्षेच्या अभ्यासक्रमाला बसले, आणि पुढे कितीतरी वर्षं अर्धा दिवस हिशेब लिहून उरलेल्या वेळात चित्रं काढत राहिले. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नसलेला हा माणूस जगभर नावाजला गेला. प्रत्येक जण खख्खर होत नाही, व्हायची गरजही नाही. पण उशीर झाला असं म्हणणाऱ्याला बडोद्यात हे उदाहरण घरचंच आहे.

मातीकडे परत येतो, कारण नवशिक्यांची सगळ्यात जास्त गर्दी तिथेच असते आणि सगळ्यात जास्त गैरसमजही.

आपल्याकडे अनेकांचा मातीशी पहिला संबंध येतो तो शाडूच्या गणपतीतून. बडोद्यात गणेशोत्सव मोठा, त्यामुळे श्रावण लागला की मूर्तीचे वर्ग भरतात. पेणच्या कारखान्यांत जाणारी शाडूची माती गुजरातेतून, भावनगरकडून येते, ही गोष्ट पेणची मूर्ती आणणाऱ्या कित्येक घरांना माहीत नसते. शाडूची मूर्ती नुसती वाळवतात, म्हणून ती पाण्यात विरघळते. भांड्याची माती भट्टीत जाते. साधारण सहाशे अंशांच्या आसपास मातीच्या कणांत रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी निघून जातं, आणि मग ती माती पुन्हा कधीच चिखल होत नाही. हजारो वर्षांपूर्वीची खापरं उत्खननात सापडतात ती याच कारणाने.

चाकाआधी हातानेच तीन प्रकार शिकवतात. गोळ्यात अंगठा घालून कडा चिमटीत पातळ करत नेलेलं भांडं. मातीच्या लांब वळ्या करून एकावर एक रचलेलं भांडं, चकलीचा वेढा उभा चढवावा तसं. आणि लाटण्याने पोळी लाटून, कापून, जोडून केलेला डबा. जोडताना दोन्ही कडांवर सुईने ओरखडे काढायचे आणि मध्ये पातळ चिखल लावायचा. हा कंटाळा केला तर मगचा कान वाळताना सुटतो. नवशिक्यांचे निम्मे कान सुटतात ते इथेच.

मग येतो वाळवण्याचा टप्पा, आणि इथे माणसांचा धीर सुटतो. भांडं चामड्याइतकं घट्ट झालं की तळ खरवडून साफ करायचा, मग सावकाश पूर्ण वाळू द्यायचं. घाई करून ओलसर भांडं भट्टीत घातलं तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि ते फुटतं, शेजारच्यांची भांडीही घेऊन जातं. पहिली भाजणी नऊशे ते हजार अंशांच्या आसपास. त्यावर ग्लेझचा, म्हणजे काचेसारख्या चकाकीचा थर, आणि दुसरी भाजणी. स्टोनवेअर असेल तर ती बाराशेच्या वर जाते. या सगळ्यात भांडं साधारण दहा-बारा टक्के आकसतं, म्हणजे चहाचा मग हवा असेल तर ओल्या मातीत तो चांगला ऐसपैस करावा लागतो. भट्टी थंड व्हायलाही एखादा दिवस जातो. मळण्यापासून मग हातात येईपर्यंत दोन-तीन आठवडे सहज लागतात. पावसाळ्यात आणखी, कारण हवेतच ओल असते.

म्हणून सांगतो, 'दोन तासांत या आणि तुमचा मग घेऊन जा' असं कुणी म्हणत असेल तर एक तर तो मग आधीच भाजलेला आहे आणि तुम्ही फक्त रंगवणार आहात, किंवा तो भाजलेलाच नाही. रंगवण्यात काही वाईट नाही. पण ते मातीकाम नव्हे. शिकायचं असेल तर सहा-आठ बैठकांचा वर्ग धरावा, आणि चौकशी करताना फी विचारण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. माती आम्ही मळायची की मळलेली मिळणार? भट्टी उघडताना आम्हाला बोलावणार का? दुसऱ्या प्रश्नाला हो म्हणणारा स्टुडिओ चांगला समजावा. झाकण वर जातं आणि आपलं भांडं कुठे वाकलंय, कुठे ग्लेझ ओघळून तळाला चिकटलंय हे डोळ्यांनी दिसतं, तेव्हा जे शिकायला मिळतं ते आठ बैठकांत मिळत नाही.

बडोद्याच्या मातीकामाचं नाव घ्यायचं तर ज्योत्स्ना भट्ट यांचं घ्यायलाच हवं. कच्छमधल्या मांडवीच्या. शंखो चौधुरींकडे शिल्पकला शिकल्या, अमेरिकेत सिरॅमिक्स शिकून आल्या, आणि १९७२ पासून २००२ पर्यंत ललित कला शाखेत त्यांनी तेच शिकवलं. त्यांची मांजरं, घुबडं, पक्षी पाहिले की वाटतं, बोटांनी दोनचार ठिकाणी नुसतं दाबलंय. ते दाबणं कुठे थांबवायचं हे कळायला तीस वर्षं लागतात. २०२० मध्ये त्या गेल्या. इथे मातीचे वर्ग घेणाऱ्या अनेकांच्या हातांत त्यांचं शिकवणं उतरलेलं आहे.

छपाईचं थोडक्यात सांगतो. १९९९ मध्ये गुलाममोहम्मद शेख, विजय बागोडी आणि कविता शहा यांनी 'छाप' ही कार्यशाळा सुरू केली. छपाईचा प्रेस जड आणि महाग, एकट्या कलावंताला परवडत नाही, म्हणून अनेकांनी मिळून वापरायची जागा, हा त्यामागचा सरळ विचार. नवशिक्याने सुरुवात लिनोपासून करावी. जवसाचं तेल आणि बुचाचा भुसा यांपासून बनलेला तो मऊ तक्ता, कोरणीखाली लोण्यासारखा कापला जातो. प्रेस नसला तरी चालतं, कागदावर पळीचा किंवा चमच्याचा पाठचा भाग घासूनही छाप उठतो. एकच लक्षात ठेवायचं, आपलं नाव उलटं कोरायचं. मराठी माणूस पहिल्यांदा हटकून सुलटं कोरतो, आणि छापल्यावर वेलांट्या भलत्याच बाजूला गेलेल्या दिसतात.

काही गोष्टी मात्र वर्गात येत नाहीत. बडोद्याहून पन्नासेक किलोमीटरवरचं संखेडा घ्या. फर्निचरचा सागवानी पाय चरकावर फिरवायचा, कथिलाचा पातळ पत्रा सरसात कुटून केलेल्या रंगाने हातानेच नक्षी काढायची, वर लाखेचा थर द्यायचा, केवड्याच्या पानाने आणि अकीकाच्या दगडाने घासून चमक आणायची. तिथला खरादी पट्टी न लावता, खडूची रेघ न मारता समान अंतरावर नक्षी काढतो. संखेड्याचा झोपाळा आपल्याकडच्याही कितीतरी घरांत आहे. हे काम एका दुपारी बघता येतं, शिकता येत नाही. पण ज्याने स्वतः एक वाकडा डबा केला आहे, तो त्या खरादीशी किमतीवरून घासाघीस करताना अडखळतो, हे मी पाहिलं आहे. कुंभाराच्या माठालाही तोच न्याय. वर्गात हजारो रुपये फी भरायची आणि कुंभारवाड्यात माठाचे वीस रुपये कमी करा म्हणायचं, हे एकदा चाक फिरवून पाहिलेल्याला शोभत नाही.

वर्गाला नाव घातलंच असेल तर नखं कापून या. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ घरी ठेवा. जुना सुती टॉवेल आणा, टेरिकॉटचा नको, तो पाणी शोषत नाही. हात धुतलेलं पाणी मोरीत ओतू नका, बादलीत निवळू द्या, नाहीतर स्टुडिओचा पाइप तुंबतो. आणि पहिलं भांडं तिरकं झालं तरी मोडू नका, भाजून घ्या. त्यात मीठ ठेवता येतं.