कंदील उमलेपर्यंत

शहानूरहून नरनाळ्याची वाट धरली, की श्रावणात एकेका झुडपावर तीन-तीन वेली चढलेल्या दिसतात. त्यात खर्चुडी शोधायची, म्हणजे आधी उतरण बाजूला काढायची. उतरण आपल्या वऱ्हाडात कुंपणाकुंपणावर असते. पानं दोन्ही वेलींची समोरासमोर, त्यामुळे लांबून फसगत होते.

सोबतच्या वाटाड्याने एका पानाचं टोक नखाने खुडलं. "भाऊ, हे उतरण नोय. याले दूध नाही." खरंच, पांढरा चीक नव्हता, पाण्यासारखा रस होता. पान जाड, मांसल. तरीही मी वहीत नाव लिहिलं नाही. खर्चुडीची, म्हणजे सेरोपेजिया बल्बोसाची, पानं फार लहरी. एका वेलीवर जवळजवळ गोल, तर दुसरीवर गवतासारखी अरुंद. निव्वळ पानांवरून नाव ठेवणं हा अन्याय आहे.

फूल दहा पावलांवर, बोराटीच्या काट्यांत सापडलं. पोटावर झोपून भिंग लावलं. बोटाच्या पेराएवढी हिरवट नळी, बुडाशी फुगलेली. वर पाच जांभळट पाकळ्या, कडांना केस, टोकं एकमेकांना जुळलेली. हुबेहूब कंदील! चिलटासारखी माशी वासाने आत शिरते आणि नळीतल्या खाली वळलेल्या केसांमुळे अडकते. केस सुकले की सुटते, आणि जाताना परागांची पुंजकी घेऊन जाते. आता मी नाव लिहिलं, तारीख घातली. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने १७९५ साली जिचं वर्णन छापलं, तीच ही वेल.

विद्यार्थी असताना ओळख पक्की करायला मी एक वेल कंदासकट उपटली होती. नमुना सुरेख वाळला, पण पुढच्या पावसाळ्यात त्या जागी काहीच उगवलं नाही. ते मला अजून टोचतं. उन्हाळाभर सगळी वेल वाळते आणि फक्त कंद जिवंत राहतो. तो खाण्यासाठीही खणला जातो, आणि वेल विरळ होण्याचं ते एक कारण आहे.

मेळघाटात किंवा नरनाळ्यात जाल, तर वनखात्याची परवानगी घ्या. वेल दिसली तर फुलाचा बाजूने, पानाचा दोन्ही अंगांनी आणि खोडाचा जवळून फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा. फूल नसेल तर पंधरा दिवसांनी पुन्हा या. कंदाला मात्र हात लावू नका.