पिंपळ, चक्र, स्तूप : शिल्प वाचायला शिका!

तेरखेडा परिसरातील आमचे बांधव सहकुटुंब अजिंठ्याला जातात, फोटो काढतात आणि परततात. शिल्प मात्र वाचायचे राहून जाते.

अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेणीत डाव्या भिंतीवर सुमारे सात मीटर लांबीचे महापरिनिर्वाण शिल्प आहे. खाली शोकाकुल शिष्य बसले आहेत. त्याच भिंतीवर मारविजय कोरला आहे : भोवती माराचे सैन्य व मारकन्या, मध्ये अविचल सिद्धार्थ. हे पाचव्या शतकातले काम. सांचीच्या तोरणांवर मात्र तथागत मानवी रूपात नाहीतच. तेथे स्वार नसलेला घोडा म्हणजे गृहत्याग, पिंपळ म्हणजे संबोधी, चक्र म्हणजे सारनाथचे पहिले प्रवचन आणि स्तूप म्हणजे महापरिनिर्वाण.

या खुणा कळल्या की आपला धाराशिव जिल्हाही वेगळा दिसतो. तेर म्हणजे प्राचीन तगर. तेथील उत्खननात स्तूपाचे अवशेष मिळाले. गावातले विटांचे त्रिविक्रम मंदिर मागून अर्धगोल आहे. हा आराखडा चैत्यगृहाचा. ते मुळात बौद्ध चैत्य असावे, असे हेन्री कझिन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच मांडले. आज तेथे विष्णूची पूजा होते.

कोणाच्याही पूजेच्या आड आम्ही येत नाही. परंतु वास्तूचा पूर्वेतिहास फलकावर ठळक लिहिला जावा, अशी आमची मागणी आहे. वारसा जपणे हे घटनेच्या कलम ५१ क नुसार प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. ग्रामपंचायतींनी तसे ठराव करावेत. आणि येत्या वर्षावासात प्रत्येक विहाराने मुलांची एक सहल तेरला न्यावी!