ज्ञानकोशातली ‘शारदा’

ज्ञानकोश म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे ग्रंथालयाच्या कपाटातले जाडजूड खंड उभे राहतात. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश तेवीस खंडांचा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. अशा कोशांत कोणत्या विषयावर कोणी लिहावे, हे संपादक ठरवीत. विकिपीडियाची तऱ्हा याहून अगदी निराळी. २००१ साली तो इंग्रजीत सुरू झाला आणि २००३ साली मराठीत आला. येथे लेखकाची नेमणूक नाही, मानधन नाही, नोंदीखाली नावही नाही. मग अशा ठिकाणी एखाद्या नाटकाची नोंद तयार होते तरी कशी, आणि तिच्यावर भरवसा ठेवावा तो किती? गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत शारदा’ या नाटकाचे उदाहरण घेऊन हे पाहू.

अशी नोंद एका बैठकीत होत नाही. प्रथम कोणी चारच ओळी लिहितो : नाटककार देवल, मंडळी किर्लोस्करांची, पहिला प्रयोग १८९९ साली. दुसरा कथानक घालतो. पैशाच्या लोभाने कांचनभट आपल्या कोवळ्या मुलीला भुजंगनाथ नावाच्या श्रीमंत म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघतो, भद्रेश्वर दीक्षित मध्यस्थी करतो, आणि कोदंड हा तरुण त्या लग्नाच्या आड उभा राहतो. तिसरा पात्रांची यादी देतो, चौथा शुद्धलेखन सुधारतो. या चौघांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसते. मात्र कोणी, केव्हा, कोणता शब्द बदलला हे सारे ‘इतिहास’ या पानावर जसेच्या तसे राहते. कोणी खोडसाळपणा केला तर दुसरा कोणीही पूर्वीचा मजकूर परत आणू शकतो. शिवाय प्रत्येक नोंदीला जोडून ‘चर्चा’ नावाचे पान असते. भांडायचे ते तेथे, नोंदीत नव्हे!

या भांडणाचाही एक नियम आहे. ‘मला असे वाटते’ हे येथे चालत नाही. कोठे छापले आहे ते दाखवावे लागते. समजा, एखाद्याने लिहिले की पहिल्या प्रयोगात शारदेची भूमिका बालगंधर्वांनी केली. बालगंधर्वांनी पुढे ही भूमिका केली, हे खरे. पण त्यांचा जन्म १८८८ चा आणि किर्लोस्कर मंडळीत ते आले १९०५ साली. तेव्हा १८९९ च्या प्रयोगात ते असणे शक्य नाही. दोन सनावळ्या शेजारी ठेवल्या की असे वाक्य आपोआप गळून पडते.

खरी कसोटी लागते ती आपल्याला आवडणाऱ्या समजुतींपाशी. ‘शारदा’ नाटकामुळे शारदा कायदा झाला आणि नायिकेचेच नाव त्याला दिले, असे आपल्यापैकी कितीतरी जण मानतात. ऐकायला ते फार गोड वाटते. वस्तुस्थिती अशी की, १९२९ साली संमत झालेला बालविवाह प्रतिबंधक कायदा अजमेरचे हरबिलास सारडा यांनी मध्यवर्ती विधिमंडळात मांडला. त्यांच्या आडनावावरून तो सारडा कायदा म्हणून ओळखला गेला. हेच आडनाव ‘शारदा’ असेही लिहिले जाते, आणि मराठी माणसाला शारदा म्हटले की देवलांची शारदाच आठवणार! त्या कायद्याने विवाहाचे किमान वय मुलीला चौदा आणि मुलाला अठरा ठरविले. देवल त्यापूर्वीच, १९१६ साली वारले होते.

मग नाटकाचा आणि सुधारणेचा काहीच संबंध नाही का? असे म्हणणेही घाईचे ठरेल. जरठ-कुमारी विवाहाविरुद्ध लोकांची मने तयार करण्यात या नाटकाचा वाटा होता, असे अभ्यासक म्हणतात. ते नोंदीत यावे, पण कोणी म्हटले त्याच्या नावानिशी आणि मत म्हणून. कायद्याचे नाव कोठून आले, ही मात्र मताची गोष्ट नव्हे. मत आणि माहिती यांच्यामध्ये अशी रेघ ओढणे हेच स्वयंसेवक संपादकांचे मुख्य काम आहे. समजूत आपल्याला जितकी प्रिय, तितका त्या रेघेवर हात थरथरतो.

या पद्धतीत एक उणीवही आहे, ती झाकून ठेवणे बरे नव्हे. छापील पुरावा मागितला की ज्यांच्याकडे छापील काहीच नाही, त्यांची माहिती दाराबाहेर राहते. नाटककाराचे आणि गायक नटाचे नाव पुस्तकात मिळते; पडदे रंगवणारा, पेटी वाजवणारा, सामानाच्या गाड्या हाकणारा क्वचितच मिळतो. आमच्यासारख्या घरांत पुस्तके नव्हती, पण नाटके पाहिलेली, पदे पाठ असलेली माणसे होती. त्यांच्या आठवणी थेट नोंदीत घालता येत नाहीत. मग नियम मोडावा का? मला तसे वाटत नाही. नियम मोडला तर शारदा कायद्याची गोड कथाही त्याच दारातून आत येईल. उपाय एकच, आणि तो कष्टाचा आहे : त्या आठवणी आधी नीट विचारून, तारखा पडताळून कोणीतरी लिहून छापल्या पाहिजेत. कोशाची नोंद त्यानंतरची पायरी.

येथे आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना काम आहे. जुन्या नाटकांच्या प्रती, त्यांच्या प्रस्तावना, नियतकालिकांचे जुने अंक ग्रंथालयांत पडून असतात. त्यांतली एक तारीख पडताळून योग्य जागी नोंदवली, तरी पुढच्या वाचकाची वाट सोपी होते. आणि लिहायचे नसेल तर निदान वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात : विधानाला आधार दिला आहे का, ‘इतिहासा’त काय बदलले गेले, आणि ‘चर्चे’त कशावरून वाद झाला. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ‘शारदे’विषयी लिहिण्यापूर्वी एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले.