शास्त्रज्ञ मोबाइलवर काय करतात?

मुलांनो, तुम्ही मोबाइल हातात घेतला की घरात कोणीतरी म्हणतेच, "ठेव तो मोबाइल, अभ्यास कर!" कधी अम्मी म्हणते, कधी अब्बा म्हणतात. मग तुमच्या मनात एक प्रश्न येत असेल. व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, यूट्यूब यांना समाजमाध्यमे म्हणतात. मोठमोठे इंजिनिअर आणि संशोधक त्यांवर वेळ घालवतात का? चला, उत्तर शोधू या.

संशोधक एकटाच काम करतो, असे आपल्याला वाटते. पण त्याला आपली कल्पना दुसऱ्यांना सांगावी लागते, त्यांच्याकडून तपासून घ्यावी लागते. पूर्वी हे पत्रांनी होत असे. १९२४ साली ढाक्याचे प्राध्यापक सत्येंद्रनाथ बोस यांनी आपला एक लेख आइन्स्टाइन यांना टपालाने पाठवला. दोघांची कधी भेट झाली नव्हती. तरी आइन्स्टाइन यांनी तो लेख वाचला, स्वतः त्याचे जर्मन भाषांतर केले आणि तो छापायला दिला.

पुढे संगणक आले. १९८९ साली टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधन संस्थेत एक योजना मांडली. देशोदेशीच्या शास्त्रज्ञांना आपसांत माहिती सहज देता-घेता यावी, हा तिचा हेतू होता. त्यातूनच 'वर्ल्ड वाइड वेब' तयार झाले. आज आपण करमणुकीसाठी वापरतो ते वेब मुळात संशोधकांच्या गरजेतून जन्माला आले आहे!

१९९१ सालची गोष्ट ऐका. फिनलंडमधील लिनस तोरवाल्ड्स हा २१ वर्षांचा विद्यार्थी संगणक चालवणारी एक नवी प्रणाली तयार करत होता. त्याने संगणकावरच्या एका चर्चागटात लहानसा संदेश लिहिला आणि लोकांच्या सूचना मागितल्या. हळूहळू अनेक देशांतील जाणकार त्याच्या मदतीला आले. तीच 'लिनक्स' प्रणाली. आजचे अँड्रॉइड फोन तिच्याच आधारावर चालतात. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. संदेश लिहिण्याआधी लिनसने कित्येक महिने काम केले होते. म्हणून त्याला नेमके काय विचारायचे, ते ठाऊक होते.

आता आपल्या नागपूरकडे येऊ. नेहरू मार्गावर 'नीरी' ही राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. ती १९५८ साली स्थापन झाली. पाणी, हवा आणि कचरा यांविषयी तेथे संशोधन चालते. करोनाच्या साथीत तपासणीसाठी नाकातून किंवा घशातून काडीने नमुना घेत असत. लोकांना त्याचा त्रास होई. २०२१ साली नीरीच्या शास्त्रज्ञांनी सोपी रीत पुढे आणली. मिठाच्या पाण्याने गुळण्या करायच्या आणि ते पाणी नळीत जमा करायचे. त्याच पाण्याची तपासणी होई आणि सुमारे तीन तासांत निकाल मिळे.

पण गंमत पाहा. त्याआधी, २०२० सालीच, मोबाइलवर एक संदेश फिरला होता. मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या की करोना मरतो, असे त्यात लिहिले होते. ते खोटे होते. नीरीच्या गुळण्या रोग ओळखण्यासाठी होत्या, बरा करण्यासाठी नव्हत्या. गुळण्यांवर विसंबून कोणी डॉक्टरांकडे जायला उशीर केला असता, तर जिवावर बेतले असते. अशा वेळी जाणकार गप्प राहिले, तर हा फरक लोकांना कोण समजावणार? म्हणूनच त्या वर्षी देशातील शेकडो शास्त्रज्ञ एकत्र आले आणि त्यांनी अनेक भारतीय भाषांतून अफवांना उत्तरे दिली. हा वेळ वाया गेला असे कोण म्हणेल?

मात्र सगळेच संशोधक या माध्यमांवर नसतात. काही कामांना तासन्‌तास शांतता लागते. ब्रिटनचे शास्त्रज्ञ पीटर हिग्ज यांच्याकडे मोबाइलच नव्हता. २०१३ साली त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा रस्त्यात भेटलेल्या एका ओळखीच्या बाईंनी त्यांना ती बातमी सांगितली!

आपल्या महाराष्ट्राचे खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांची रीत तर फार छान होती. विद्यार्थी त्यांच्याकडे स्वाक्षरी मागत. ते म्हणत, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा. मग ते उत्तर लिहीत आणि खाली सही करीत. सही हवी असेल, तर मुलाला आधी विचार करून प्रश्न शोधावा लागे. एवढे मोठे शास्त्रज्ञ, पण मुलांच्या प्रश्नांसाठी ते वेळ काढत. २०२५ साली त्यांचे निधन झाले.

तर मुलांनो, संशोधक समाजमाध्यमांवर वेळ देतात. पण ते तेथे काही विचारायला, सांगायला किंवा खोटे खोडून काढायला जातात. त्यांचे खरे काम प्रयोगशाळेत, शेतात आणि कागदावर होते.

आता तुमचाच हिशेब करा. रोज एक तास मोबाइलवर गेला, तर वर्षाचे ३६५ तास होतात. म्हणजे पूर्ण पंधरा दिवस आणि पंधरा रात्री! आज मोबाइल हातात घ्याल, तेव्हा आधी एक प्रश्न कागदावर लिहा. उत्तर मिळाले, की ते कोणी सांगितले आणि त्याला ते कसे कळले, हेही पाहा. मग मोबाइल खाली ठेवा. अम्मीला सांगावे लागणार नाही.

स्वाध्याय

१. वेब कोणाच्या गरजेतून तयार झाले?
२. नीरीच्या गुळण्या आणि मोबाइलवरील संदेशातील गुळण्या यांत काय फरक होता?
३. नारळीकर स्वाक्षरीच्या बदल्यात काय मागत? का, ते तुमच्या शब्दांत लिहा.
४. तुम्हाला एखाद्या शास्त्रज्ञाला विचारावासा वाटणारा एक प्रश्न पोस्टकार्डावर लिहा.