ब्रेक बूस्टर

ब्रेक बूस्टर हे मोटारगाडीच्या ब्रेक यंत्रणेतील चालकाच्या पायाच्या जोराला साहाय्य करणारे उपकरण होय. बहुतेक मोटारींत ते निर्वाताच्या, म्हणजे हवेचा दाब कमी केलेल्या पोकळीच्या आधारे चालते. म्हणून त्यास निर्वात बूस्टर किंवा व्हॅक्यूम बूस्टर असेही म्हणतात. बोनेट उघडल्यावर चालकाच्या बाजूस, काचेखालच्या पोलादी भिंतीला लागून जो काळा, चपटा, डब्यासारखा भाग दिसतो तोच बूस्टर. इंजिन सुरू करण्यापूर्वी ब्रेकचे पेडल कधी कधी दगडासारखे घट्ट लागते, याचे कारण बहुधा या डब्यातील निर्वात संपलेला असतो हे असते. हा स्वतः बिघाड नव्हे. मात्र इंजिन चालू असतानाही पेडल तसेच घट्ट राहत असेल तर तो निश्चितपणे बिघाड होय.

== रचना व कार्य ==

डब्याच्या आत रबराचा एक लवचीक पडदा असून तो डब्याचे पुढचा व मागचा असे दोन कप्पे करतो. पुढचा कप्पा एका नळीने इंजिनाच्या हवा आत घेणाऱ्या मार्गाशी जोडलेला असतो. पेट्रोल इंजिन मंद गतीने चालत असता त्याची हवेची झडप जवळजवळ मिटलेली असते. दट्ट्ये हवा ओढू पाहतात, पण ती पुरेशी मिळत नाही, आणि त्या मार्गात निर्वात तयार होतो. शहाळ्यात घातलेली नळी बोटाने दाबून धरली आणि ओढण्याचा प्रयत्न केला, तर तोंडात जो ताण जाणवतो तोच हा प्रकार.

पेडल मोकळे असताना दोन्ही कप्प्यांत सारखाच निर्वात असतो, म्हणून पडदा जागचा हलत नाही. पेडल दाबताच आतील झडप दोन्ही कप्प्यांमधील वाट बंद करते आणि मागच्या कप्प्यात बाहेरची हवा सोडते. आता पडद्याच्या मागे वातावरणाचा दाब आणि पुढे निर्वात अशी स्थिती होते. पडदा पुढे ढकलला जातो व त्याचा जोर पायाच्या जोरात मिळून मुख्य सिलिंडरातील ब्रेक ऑइलवर पडतो.

हा जोर किती असतो हे साध्या गणिताने कळते. २३ सेंटिमीटर व्यासाच्या पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे ४१५ चौरस सेंटिमीटर भरते. दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक दर चौरस सेंटिमीटरला ०.६ किलो धरला, तरी एकूण जोर सुमारे २५० किलो होतो. गाडी थांबविण्याच्या कामात पायाचा वाटा किती थोडा असतो, हे यावरून ध्यानात यावे.

== सुरू करण्यापूर्वी पेडल घट्ट का लागते ==

बूस्टर आणि इंजिन यांच्यामधील नळीत एकाच दिशेने हवा जाऊ देणारी झडप असते. तिच्यामुळे इंजिन बंद केल्यावरही डब्यातील निर्वात काही काळ टिकून राहतो. हा साठा बेताचाच असतो. दर वेळी पेडल दाबले की मागच्या कप्प्यात हवा शिरते आणि सोडले की तीच हवा पुढच्या कप्प्यात येते. इंजिन बंद असल्याने ती ओढून घेणारे कोणी नसते. दोन-तीन वेळा पेडल दाबले की साठा संपतो. गाडी रात्रभर किंवा काही दिवस उभी राहिली तर पेडलला हातही न लावता निर्वात हळूहळू ओसरू शकतो.

अशा वेळी पेडलवर पाय ठेवून इंजिन सुरू केले, तर क्षणभरात पेडल किंचित खाली जाते आणि मऊ पडते. बूस्टर ठीक असल्याची ही सर्वांत सोपी खूण असून गॅरेजमधील मेकॅनिकही प्रथम हेच करून पाहतो.

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांत यातून एक निराळीच अडचण उद्भवते. ब्रेक दाबल्याचा संकेत मिळाल्याखेरीज त्यांचे इंजिन सुरू होत नाही. पेडल घट्ट असल्याने ते पुरेसे खाली गेले नाही, तर संकेत मिळत नाही आणि बॅटरी उतरली असावी असा समज होतो. पेडल नेहमीपेक्षा जोराने दाबून धरून बटण दाबले की बहुधा काम होते.

== इतिहास ==

बेल्जियन अभियंते आल्बेर द्वांद्र यांनी १९२७ च्या सुमारास निर्वातावर चालणारा ब्रेक साहाय्यक तयार केला. भारतात मात्र बूस्टर नसलेल्या मोटारी पुढेही दीर्घकाळ चालत होत्या. मुंबईत कुर्ला येथे तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. ड्रम ब्रेकमध्ये फिरते चाक स्वतःच पट्ट्याला आत ओढून पकड वाढविते, त्यामुळे पायाच्या जोरावर भागत असे. डिस्क ब्रेकमध्ये असे होत नाही. ते आले तसा बूस्टर अपरिहार्य झाला.

== डिझेल इंजिन ==

पारंपरिक डिझेल इंजिनात हवेचा मार्ग मिटणारी झडप नसल्याने पुरेसा निर्वात तयार होत नाही. म्हणून तेथे वेगळा निर्वात पंप बसवितात. अनेक गाड्यांत हा पंप कॅमशाफ्टच्या टोकावरून फिरतो. (कॅमशाफ्ट तयार करणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी सोलापूरची आहे.) विजेवर चालणाऱ्या मोटारींत विजेचा पंप किंवा थेट मोटारीने जोर देणारा बूस्टर असतो.

== घाटातील धोका ==

बालाघाटाच्या डोंगरावर वसलेले तुळजापूर सोलापूरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. दर्शन घेऊन सोलापूरकडे परतताना घाट उतरावा लागतो. अशा उतारावर इंधन वाचावे म्हणून गिअर काढून इंजिन बंद करण्याची सवय काही चालकांना असते. ती जिवावर बेतू शकते. इंजिन थांबले की बूस्टरचा साठा पहिल्या दोन-तीन वळणांतच संपतो, आणि ऐन तीव्र उतारावर पेडल घट्ट होते. त्याच वेळी पॉवर स्टिअरिंगचे साहाय्यही जाते, आणि किल्ली काढून घेतल्यास स्टिअरिंगला कुलूप लागू शकते.

यातील बचतीचा हिशेबही चुकीचा आहे. आधुनिक इंजिनात गाडी गिअरमध्ये असून ॲक्सिलरेटरवरील पाय काढलेला असेल, तर उतारावर इंधनाचा पुरवठा आपोआप तोडला जातो. उलट त्या स्थितीत पेट्रोल इंजिनातील निर्वात सर्वांत प्रबळ असतो आणि इंजिन स्वतःच गाडीला आवरून धरते.

धावत्या गाडीचे इंजिन अकस्मात बंद पडले, तर पेडल पुनःपुन्हा दाबू नये. प्रत्येक दाबासरशी उरलेला साठा घटतो. एकदाच, पूर्ण जोराने, न सोडता दाबावे. साठा संपला तरी पेडल व चाके यांमधील ब्रेक ऑइलची जोडणी कायम असते. ब्रेक लागतोच, केवळ कित्येक पट जोर लावावा लागतो.

== बिघाडाची लक्षणे ==

इंजिन चालू असूनही पेडल घट्ट राहणे, पेडल दाबताना पायाशी ‘फुस्स’ असा सततचा आवाज येणे, किंवा ब्रेक दाबताच इंजिन थरथरणे ही लक्षणे नळीला चीर गेल्याची, एकदिशा झडप निकामी झाल्याची वा पडदा फाटल्याची असू शकतात. याउलट पेडल मऊ लागून खोल जात असेल, तर दोष बूस्टरचा नसून ब्रेक ऑइल कमी झाल्याचा किंवा त्यात हवा शिरल्याचा संभवतो. या दोन तक्रारींची नेहमी गल्लत होते.

== रेल्वे व अवजड वाहने ==

भारतीय रेल्वेत दीर्घकाळ वापरात असलेल्या निर्वात ब्रेकचे तत्त्व मोटारीच्या उलट होते. गाडीभर गेलेल्या नळीत निर्वात असेपर्यंत ब्रेक सुटलेले राहत. प्रवाशाने साखळी ओढली वा नळी तुटली, की हवा आत शिरून ब्रेक आपोआप लागत. मोटारीत निर्वात गेला तर केवळ साहाय्य जाते, ब्रेक लागत नाही. एस.टी. बस व मालमोटारी यांत दाबाखालील हवेवर चालणारे ब्रेक असतात. टाकीत पुरेसा दाब भरेपर्यंत चालक बस आगारातून हलवीत नाही, त्याचे कारण हेच.