मोठा कुत्रा घरी आणण्यापूर्वी

दोन महिन्यांचे ग्रेट डेनचे पिल्लू दोन हातांत सहज मावते. घरातील दहा वर्षांचे मूलही त्याला उचलून छातीशी धरू शकते. वर्षभराने तेच पिल्लू ५० किलोंच्या पुढे गेलेले असते आणि मागच्या पायांवर उभे राहिले, तर घरातील कर्त्या पुरुषाच्या खांद्यावर पंजे ठेवू शकते. कुटुंब निवड करते ती पिल्लू पाहून. सांभाळावा लागतो तो कुत्रा. मोठ्या जातींच्या बाबतीत या दोहोंमधील अंतर इतके मोठे असते की, बहुतेक फसगत तिथेच होते. पशुवैद्यांकडे ‘याला कोणी घेईल का हो?’ असे विचारत येणाऱ्या कुटुंबांचा कुत्रा बहुधा वर्ष-दीड वर्षाचा, धडधाकट आणि निरपराध असतो. त्याचा दोष एवढाच, की तो वाढला.

‘मोठा कुत्रा’ हा शब्दही जरा सैल आहे. लॅब्रॅडोर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, डॉबरमन, रॉटवायलर ही मंडळी ढोबळमानाने २५ ते ५० किलोंमधली. ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, मॅस्टिफ हे त्यापलीकडचे. पहिल्या गटातील कुत्रा आजारी पडला, तर घरातील दोन माणसे त्याला उचलून रिक्षात घालू शकतात. दुसऱ्या गटाच्या बाबतीत चादरीची झोळी करून चार माणसे बोलवावी लागतात. इमारत जुनी, लिफ्ट नाही आणि घर तिसऱ्या मजल्यावर असेल, तर हा मुद्दा काल्पनिक राहत नाही. उतारवयात कुत्र्याचे मागचे पाय कमकुवत होतात, तेव्हा दिवसातून तीन वेळा जिने कोण उतरवणार, हा प्रश्न पिल्लू घेतानाच विचारायला हवा.

जात निवडताना रंग, उंची आणि ऐट पाहिली जाते. मात्र प्रत्येक जात मुळात कोणत्या तरी कामासाठी घडवलेली असते, हे विसरले जाते. कुत्र्याबरोबर ते कामही घरात येते. आपल्याकडे अजूनही अनेक जण ज्याला अल्सेशियन म्हणतात, तो जर्मन शेफर्ड हे याचे उत्तम उदाहरण. माक्स फॉन श्टेफानिट्झ या जर्मन लष्करी अधिकाऱ्याने १८९९ मध्ये या जातीची पद्धतशीर जोपासना सुरू केली, ती मेंढपाळाचा कुत्रा म्हणून. दिवसभर कळपाभोवती फिरणे, भरकटलेल्या मेंढीला वळवून आणणे, मालकाच्या बारीकशा इशाऱ्याकडे लक्ष ठेवणे हा त्याचा धर्म. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये ‘जर्मन’ हा शब्द नकोसा झाला, म्हणून त्याचे नाव बदलून अल्सेशियन ठेवण्यात आले. ब्रिटिश केनेल क्लबने जुने नाव अधिकृतपणे पुन्हा स्वीकारले ते १९७७ मध्ये. आपल्याकडे मात्र युद्धकाळातले नावच मुक्कामाला राहिले. नाव बदलले तरी स्वभाव बदलला नाही. अशा कुत्र्याला दोन खोल्यांच्या घरात काम दिले नाही, तर तो स्वतःच काम शोधतो. खेळणाऱ्या मुलांना तो कळपासारखे वळवू पाहतो, लिफ्टच्या प्रत्येक आवाजाची दखल भुंकून घेतो. लोक त्याला ‘तापट’ म्हणतात. प्रत्यक्षात तो बेरोजगार असतो.

लॅब्रॅडोर त्या मानाने कुटुंबाच्या पंगतीत सहज सामावतो, आणि त्यामुळेच शहरांमध्ये तो सर्वत्र दिसतो. त्याचे पूर्वज आताच्या कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावरील कोळ्यांबरोबर पाण्यात उतरत. पुढे इंग्लंडमध्ये शिकारीत पडलेला पक्षी दातही न लावता परत आणण्याचे काम त्याच्याकडे आले. माणसाबरोबर राबण्याची आवड आणि तोंडाचा मृदूपणा हे गुण तिथले. त्याची अडचण वेगळीच आहे. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की, सुमारे दर चारपैकी एका लॅब्रॅडोरमध्ये असा जनुकीय बदल असतो, ज्याचा संबंध अधिक भूक आणि अधिक वजनाशी आहे. म्हणजे ताटाशेजारी बसून केविलवाणे पाहणारा कुत्रा नेहमीच नाटकी असतो असे नाही. पण आजीने प्रेमाने भरवलेली प्रत्येक तूप-पोळी त्याच्या सांध्यांवर जाऊन बसते. घरात ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणणारी माणसे अधिक असतील, तर या जातीचा विचार करताना आधी त्यांच्याशी बोलून घ्यावे.

सर्वांत विपरीत निवड कोणती, तर महाराष्ट्राच्या उन्हात सेंट बर्नार्ड. स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवर, आल्प्स पर्वतात सुमारे २,४६९ मीटर उंचीवर ग्रेट सेंट बर्नार्ड ही खिंड आहे. तेथील मठात राहणारे भिक्षू हिमवादळात सापडलेल्या वाटसरूंना शोधण्यासाठी हे कुत्रे पाळत. त्यांतील बॅरी हा सर्वाधिक विख्यात. १८१४ मध्ये तो मरण पावला आणि त्याचा पेंढा भरलेला देह आजही बर्नच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे. गळ्यात ब्रँडीचे छोटे पिंप अडकवलेला कुत्रा ही मात्र चित्रकारांची देणगी. मठातले कुत्रे असे पिंप वाहून नेत असल्याचा पुरावा नाही. १९९२ च्या ‘बेथोव्हेन’ या चित्रपटाने या जातीला जगभरच्या दिवाणखान्यांत नेले. चित्रपटातील तो दिवाणखाना अमेरिकेतला होता, ही बाब जळगाव किंवा नागपूरच्या खरेदीदाराच्या लक्षात येत नाही.

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांतून येणारा अल्पसा घाम सोडला, तर धापा टाकून, जिभेवरून आणि श्वासमार्गातून पाण्याची वाफ करणे हाच त्याचा अंग थंड ठेवण्याचा मुख्य मार्ग. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत ही वाफ पुरेशी होत नाही. विदर्भ-खानदेशात बाहेरची हवाच कुत्र्याच्या शरीराहून गरम असते. त्यात दुहेरी केसांचा जाड कोट आणि ७०-८० किलोंचा देह. मोठ्या शरीरात उष्णता अधिक निर्माण होते, आणि त्या प्रमाणात ती बाहेर टाकायला पृष्ठभाग कमी पडतो. उन्हाळ्यात केस मुळापासून काढून टाकण्याचा उपाय अनेकजण करतात. त्याने उन्हापासून त्वचेचे असलेले संरक्षणही जाते. उरतो तो वातानुकूलित खोलीचा मार्ग. मे महिन्यात दुपारी चार तास वीज गेली की तोही बंद होतो. हस्की आणि अलास्कन मॅलाम्यूट यांनाही हेच लागू आहे.

ग्रेट डेनचे केस आखूड असल्याने उकाड्याचा प्रश्न त्याच्याबाबतीत त्या मानाने सौम्य. नावात डेन्मार्क असले तरी जात जर्मन, आणि अवाढव्य आकाराच्या मानाने स्वभाव कमालीचा मवाळ. घरात तो दिवसाचा बराच वेळ सोफ्यावर पसरून काढतो; म्हणूनच ‘फ्लॅटला चालतो’ असे विक्रेते सांगतात, आणि ते अगदीच खोटे नाही. विक्रेते सांगत नाहीत ते त्याच्या आयुष्याबद्दल. ग्रेट डेन साधारण सात ते दहा वर्षे जगतो. अमेरिकेतील मिशिगन राज्यातला झ्यूस हा ग्रेट डेन १११.८ सेंटीमीटर उंचीमुळे गिनेस बुकात जगातील सर्वांत उंच कुत्रा म्हणून नोंदला गेला. २०१४ मध्ये तो गेला तेव्हा त्याचे वय पाच वर्षांचे होते. इतर प्राण्यांमध्ये हत्ती उंदरापेक्षा दीर्घायुषी असतो. कुत्र्यांच्या जातींमध्ये मात्र गणित उलटे आहे. जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ७४ जातींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दर दोन किलो वजनामागे आयुर्मान सुमारे एक महिन्याने घटते, असे दिसून आले. मोठे कुत्रे म्हातारे लवकर होतात असे नाही, तर त्यांचे म्हातारपण वेगाने सरते, असा त्यांचा निष्कर्ष होता. मुलाच्या पाचव्या वाढदिवसाला आणलेला ग्रेट डेन त्याच्या दहावीच्या परीक्षेपर्यंत सोबत असण्याची शक्यता कमी आहे. ही सोबत नाकारण्याचे कारण नव्हे, पण घरातल्या मोठ्यांना ते ठाऊक असलेले बरे.

खोल छातीच्या या सर्वच जातींना आणखी एक धोका असतो. पोट वायूने फुगते आणि जठराला पीळ बसतो. पोट टम्म होणे, कुत्र्याने पुन्हा पुन्हा उबळ देऊनही काहीच बाहेर न पडणे, अस्वस्थ येरझाऱ्या, लाळ ही त्याची लक्षणे. ‘गॅस झाला असेल’ म्हणून ओवा-हिंग देत सकाळची वाट पाहिली, तर कुत्रा सकाळ पाहत नाही. शस्त्रक्रिया काही तासांत व्हावी लागते. दिवसाचे अन्न एकदम न देता दोन-तीन वेळा विभागून देणे, जेवणानंतर लगेच धावडवू नये एवढे पथ्य पाळणे हे घरच्या हातात आहे. निर्बीजीकरणाच्या वेळीच जठर पोटाच्या भिंतीला टाक्यांनी स्थिर करून घेण्याची शस्त्रक्रियाही करता येते. मोठी जात घेण्यापूर्वी रात्री दोन वाजता शस्त्रक्रिया करणारा पशुवैद्य किती अंतरावर आहे, याची चौकशी करावी. तालुक्याच्या गावी या प्रश्नाचे उत्तर अनेकदा निर्णायक ठरते.

पिल्लूपणीच्या संगोपनात आपल्याकडे एक चूक अगदी प्रेमाने केली जाते. हाडे मजबूत व्हावीत म्हणून कॅल्शियमची बाटली रोज पाजली जाते. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी बनवलेल्या संतुलित आहारात आवश्यक तेवढे कॅल्शियम असतेच. लहान पिल्लाचे आतडे जादाचे कॅल्शियम अडवू शकत नाही आणि त्याने हाडांची व सांध्यांची वाढ बिघडते. पिल्लू भराभर वाढावे ही इच्छाही घातकच. दीड-दोन वर्षे सावकाश वाढू दिलेला, थोडा किडकिडीत वाटणारा कुत्रा पुढे नीट चालतो. गुळगुळीत फरशीवर घसरत वाढलेल्या पिल्लाच्या खुब्यांवर ताण येतो. त्यासाठी जुनी सतरंजी अंथरली तरी पुरते. खुब्याच्या सांध्याचा दोष जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडोर, रॉटवायलर यांच्यात आनुवंशिकही असतो. म्हणून पिल्लाच्या आई-वडिलांच्या खुब्यांचे एक्स-रे दाखवा, असे विक्रेत्याला विचारावे. जो हसेल त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

घरातील माणसांचा हिशेब यापेक्षा अवघड आहे. मोठा कुत्रा चावेल ही भीती सर्वांना असते, पण रोजच्या जगण्यात त्याचा त्रास होतो तो निव्वळ आनंदामुळे. शेपटीच्या एका फटक्याने टीपॉयवरचे कप खाली येतात; दाराची घंटा वाजल्यावर झेपावणारा ४० किलोंचा देह काठी टेकत चालणाऱ्या आजोबांना पाडू शकतो. लहान मूल आणि कुत्रा यांना, तो कितीही गरीब असला तरी, एकटे सोडू नये. रोज सकाळ-संध्याकाळ फिरवायला कोण नेणार, हेही आधी ठरवावे. ज्याचा पट्टा हातात धरून तोल सांभाळता येत नाही, असा कुत्रा घरातील त्या व्यक्तीचा नसतो. सुट्टीत गावी जायचे तर रेल्वेत तो वातानुकूलित प्रथम वर्गाचा संपूर्ण कूपे आरक्षित केल्यास सोबत नेता येतो, नाहीतर गार्डच्या डब्यातील पेटीत. ग्रेट डेन त्या पेटीत कसा मावेल, हे ज्याचे त्याने पाहावे.

कायद्याची बाजू त्या मानाने थोडक्यात सांगता येते. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला सभासदांच्या बहुमतानेही कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही. महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस मात्र हवीच. केंद्र सरकारने १२ मार्च २०२४ रोजी रॉटवायलरसह २३ जातींवर निर्बंध घालण्यास राज्यांना सांगणारे पत्रक काढले होते. संबंधितांचे म्हणणे न ऐकता ते काढल्याच्या कारणावरून कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते रद्द केले. असे निर्णय शहराशहरांत वेगळे वळण घेऊ शकतात, त्यामुळे रॉटवायलर घेणाऱ्याने स्थानिक नियम आधी विचारून घ्यावेत.

उंच कुत्राच हवा, तर तो सातासमुद्रापलीकडूनच यायला हवा असेही नाही. सोलापूर-सांगलीपासून उत्तर कर्नाटकापर्यंत धनगर आणि शेतकऱ्यांकडे दिसणारा कारवान, म्हणजेच मुधोळ हाउंड, उंचीने जर्मन शेफर्डला मागे टाकतो, पण वजनाने ३० किलोंच्या आसपासच राहतो. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी या जातीची जोपासना केली. २००५ मध्ये टपाल खात्याने तिच्यावर तिकीटही काढले. दख्खनचे ऊन त्याच्या अंगवळणी पडलेले आहे. पण तो नजरेने शिकार हेरून वाऱ्यासारखा धावणारा कुत्रा. मांजर दिसताच पट्टा सुटला, तर हाका मारून तो परतत नाही. ज्याच्याकडे कुंपणाची मोकळी जागा आहे, त्याने त्याचा विचार जरूर करावा. सदनिकेत कोंडून घालण्यासाठी तो नाही, आणि अनोळखी माणसांच्या अंगाखांद्यावर खेळणाराही नाही.

आणखी एक वाट आहे, तिच्याकडे फारसे कोणी वळत नाही. वाढ झाल्यावर मालकाने सोडून दिलेले, दोन-तीन वर्षांचे लॅब्रॅडोर आणि जर्मन शेफर्ड प्राणिमित्र संस्थांच्या निवाऱ्यांत वाट पाहत असतात. पिल्लाच्या बाबतीत जे अंदाजाने ठरवावे लागते, ते इथे डोळ्यांसमोर असते. किती मोठा होणार, मुलांशी कसा वागतो, पट्टा किती ओढतो, एकटा राहिला तर ओरडतो का, हे सारे दोन-तीन भेटींत कळते. पहिल्या भेटीला घरातील सर्वांत लहान आणि सर्वांत थकलेल्या माणसाला बरोबर न्यावे, पट्टा त्यांच्यासमोर हातात घेऊन अर्धा तास फिरावे, आणि जिना असेल तर तोही चढून-उतरून पाहावा.